सांगावा, तार आणि रात्री दीडचा मेसेज

समजा, रात्रीचा दीड वाजलाय. आटपाडीतल्या एका मुलानं मोबाईलवर दोन शब्द टाइप केले : 'आई गेली.' घरात माणसं आहेत, ओसरीवर भाऊबंद बसलेत, मामा तासगावहून निघालेत. तरी हे दोन शब्द त्यानं धाडले गोंदियातल्या एका मुलाला, ज्याला त्यानं कधी प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. दोघांची ओळख स्पर्धा परीक्षेच्या ऑनलाइन अभ्यासगटातली. दोन वर्षं पहाटे एकमेकांना फोन करून उठवलंय, राज्यघटनेची कलमं एकमेकांकडून म्हणवून घेतलीत, पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या रात्री एकमेकांची समजूत काढलीय. आणि आता गोंदियातल्या त्या मुलाचा अंगठा काचेवर अडकून पडलाय. लिहायचं काय?

आणि लिहून तरी होणार काय? मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पसरलाय. पाठीवर हात ठेवता येत नाही, शेजारी नुसतं बसताही येत नाही. चार अक्षरं पाठवली तर ती त्या मुलाच्या छातीत बसलेल्या वेदनेपर्यंत पोचतील का?

पोचतात. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. लोकांनी लाळेतली रसायनं मोजून, ऑपरेशन टेबलावर वेदनाशामकाच्या मात्रा मोजून आणि पाच-पाच वर्षं पत्रं पाठवून हे तपासून पाहिलंय. त्यातून जे हाती आलं ते वाचलं की मोबाईलकडे बघायची नजरच बदलते. पण आधी आटपाडीकडे बघू. दूरचं दुःख आणि दूरचा धीर यांचा या गावाइतका अनुभव फार थोड्या गावांना असेल.

आटपाडी माणदेशातली. पाऊस बेभरवशाचा, म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडली. आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातले गलाईवाले भारतभर पसरलेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा हा धंदा. केरळात जा, पंजाबात जा, कोलकात्यात जा; सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस माणदेशी निघायची शक्यता दांडगी. याचा एक अर्थ फारसा कुणी बोलून दाखवत नाही. या तालुक्यातल्या कितीतरी घरांत म्हातारे आई-बाप गावी आणि लेक दोन दिवसांच्या प्रवासावर, असं अनेक दशकं चाललंय. बाप गेल्याचं कळायचं, मुलगा मिळेल त्या गाडीनं मिरजेला उतरायचा, तिथून एसटीनं गावात पोचायचा, तेव्हा सावडणंसुद्धा उरकलेलं असायचं.

कळायचं कसं? कधी कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डानं. आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा. एका कोपऱ्याचा तुकडा काढलेला दिसला, की वाचता न येणाऱ्या माणसालाही मजकूर कळायचा. कधी तार यायची. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' हे तीन-चार इंग्रजी शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनाही पाठ होते. तारेचं एक नवल आज कित्येकांना माहीत नसेल. तार खात्यानं नेहमीच्या वाक्यांना आकडे देऊन ठेवले होते. दिवाळीच्या शुभेच्छांना एक आकडा, लग्नाच्या आशीर्वादाला दुसरा, आणि सांत्वनालाही एक. तुम्ही काउंटरवर आकडा सांगायचा. पलीकडच्या गावी वाक्य उमटायचं. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, तोवर आकड्यात बांधलेलं सांत्वन देशभर फिरत होतं!

आणि जवळपासच्या गावांना? तिथं माणूस चालत जायचा.

लेखक शंकरराव खरात आटपाडीचेच. जन्म १९२१ चा. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील गावचे तराळ, म्हणजे वतनानं गावकामं करणारे. आत्मचरित्राचं नाव 'तराळ-अंतराळ' आहे ते त्यामुळे. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नाव 'सांगावा'. महारकीच्या कामांत एक काम होतं मयताचा सांगावा पोचवायचं. गावात कुणी गेलं की पावसाळा असो, मध्यरात्र असो, तराळानं काठी घेऊन पाहुण्यांच्या गावाची वाट धरायची. आता क्षणभर थांबून या माणसाकडे नीट बघा. कोसभर, दोन कोस, पाच कोस अंधारातून तो दुसऱ्याचं दुःख घेऊन चाललाय. पोचल्यावर त्यानं अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं. आत हंबरडा फुटायचा. आणि ज्याच्या तोंडून ती बातमी आली, त्याला त्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा तर विटाळ आडवा यायचा. दुःख वाहून आणायचा हक्क होता, सांत्वनाचा नव्हता. १९५८ च्या कायद्यानं महारकीची ही वतनं रद्द झाली. मला ही गोष्ट आठवते ती एवढ्यासाठी, की दोन माणसांमधलं अंतर नेहमी मैलांचंच असतं असं नाही. आणि बातमी पोचणं वेगळं, धीर पोचणं वेगळं. कार्ड आलं, तार आली, फोन आला, तसतशी मरणाची बातमी झपाझप धावू लागली. धीर मात्र बराच काळ जुन्याच चालीनं येत राहिला : गाडीत बसून, घरी येऊन.

गावाकडच्या सांत्वनाची पद्धत बघितली तर चकित व्हायला होतं, इतकी ती शहाणी आहे. घरात मयत झालं की चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारून भाकरी-कालवण येतं. कडू घास म्हणतात त्याला. 'खा बाबा दोन घास' म्हणत कुणीतरी समोर बसतं. दुःखात भूक मरते, तहान कळत नाही, झोप उडते. माणसाचं शरीर स्वतःकडे बघायचं विसरतं, म्हणून ते काम गाव अंगावर घेतं. माती, सावडणं, दहावा, तेरावा. प्रत्येक टप्प्याला माणसं येतात, बरीचशी काही न बोलता बसून जातात. काय बोलावं हा प्रश्न तिथं पडतच नाही, कारण येणं हेच बोलणं असतं.

पण चौदाव्या दिवशी मांडव निघतो. खुर्च्या परत जातात. मामा तासगावला, आत्या पंढरपूरला. आणि घरात तो मुलगा, त्याचे वडील आणि आईची खाट उरते. गोंदियातल्या मित्राचं खरं काम इथून पुढं सुरू होतं.

ते का, हे समजायला नॉर्वेतल्या एका उंदराला भेटावं लागेल.

ट्रॉन्डहाइम शहरात एडवर्ड आणि माय-ब्रिट मोझर यांची प्रयोगशाळा आहे. मेंदू जागांचा नकाशा कसा बनवतो या कामासाठी २०१४ चं नोबेल त्यांना जॉन ओकीफ यांच्याबरोबर मिळालं. त्यांच्याकडे एका प्रयोगात उंदराच्या पेटीत लेगोचा एक मनोरा ठेवला गेला. उंदीर त्या मनोऱ्यापाशी आला की मेंदूतल्या काही पेशी चमकून उठायच्या. मग मनोरा काढून घेतला. आता त्या जागी काही नाही. उंदीर फिरत फिरत त्या रिकाम्या जागी आला आणि काही वेगळ्या पेशी पेटून उठल्या. अगदी जिथं मनोरा असायचा तिथं! पुढचे काही दिवस त्या अशाच पेटत राहिल्या. 'आहे' याची नोंद ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि 'इथं होतं' याची आठवण ठेवणाऱ्या वेगळ्या. एका लेगोच्या मनोऱ्यासाठी मेंदू एवढं करतो. आईसाठी किती करत असेल?

मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या संशोधक बाईंनी दुःखातल्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलंय. २०२२ साली आलेल्या 'द ग्रीव्हिंग ब्रेन' या पुस्तकात त्या हाच प्रयोग सांगतात. त्यांचं म्हणणं असं, की दुःख करणं म्हणजे मेंदूनं नव्यानं शिकणं. आई संध्याकाळी सातला हाक मारते हे वीस वर्षांत हजारो वेळा खरं ठरलंय. ती गेली ही गोष्ट एकदाच घडलीय. हजारो अनुभवांपुढे एक अनुभव! मेंदू कुणाचं ऐकणार? म्हणून त्या मुलाला आई गेल्याचं पक्कं ठाऊक असतं आणि तरी पेपर चांगला गेला की हात आपोआप तिच्या नंबरकडे जातो. त्याला वेड लागलेलं नसतं. त्याचा मेंदू चोख काम करत असतो. जुना अंदाज चुकायचा, पुन्हा चुकायचा, दिवाळीत चुकायचा, तापानं फणफणल्यावर चुकायचा, तेव्हा कुठं नकाशा बदलायचा. याला तेरा दिवस पुरतील असं कुठल्या हिशेबानं धरायचं?

दुसरी एक समजूत इथंच दूर करू. दुःखाचे पाच टप्पे असतात, आधी नाकारणं, मग राग, मग सौदा, मग खिन्नता, शेवटी स्वीकार, हे आपण कुठंतरी वाचलेलं असतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे टप्पे मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली जे मांडलं ते मला कितीतरी खरं वाटतं. दुःखातला माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करतो. एकदा गेलेल्या माणसाकडे वळतो, रडतो, फोटो काढून बसतो, मग पाठ फिरवून उरलेल्या जगण्याला भिडतो, बिलं भरतो, हसतो, क्रिकेट बघतो, परत वळतो. ही ये-जा हाच बरं होण्याचा मार्ग.

माणदेशातल्या जुन्या माणसांना हे एका वाक्यात कळेल. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल धावेवरून पुढं चालले की भरलेली मोट वर यायची, आणि मागं सरले की रिकामी मोट पाण्यात उतरायची. मागं सरणाऱ्या बैलांना 'हे काम सोडून पळतायत' असं कुणी म्हणायचं नाही. उतरल्याशिवाय भरणार कशी?

म्हणजे त्या मुलानं दुपारी तीनला एखादं मीम पाठवलं आणि रात्री नऊला 'जगण्यात काही अर्थ वाटत नाही रे' असं लिहिलं, तर गोंधळून जायचं कारण नाही. दुपारी त्याच्याबरोबर हसायचं. रात्री त्याच्याबरोबर थांबायचं. 'अरे, आत्ता तर हसत होतास' हे वाक्य तेवढं गिळून टाकायचं. आणि ते रात्रीचं वाक्य कानाआड करायचं नाही. त्याकडे मी परत येणार आहे.

आता मूळ कोड्याकडे. काचेवरून धीर पोचतो तो नेमका कशातून?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर यांनी २०१० साली एक साधा, सुंदर प्रयोग केला. सात ते बारा वर्षांच्या साठेक मुलींना अनोळखी मोठ्या माणसांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली. घाबरून त्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल चढलं. तणावात वाढणारं हे संप्रेरक. मग काही मुलींना आईनं येऊन कुशीत घेतलं. काहींना आईचा नुसता फोन आला. उरलेल्यांनी एक चित्रपट बघितला. कुशीत घेतलेल्या मुलींचं ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्यात वाढणारं रसायन, वर गेलं. यात नवल काही नाही. पण फोनवाल्या मुलींचंही जवळजवळ तितकंच वर गेलं! स्पर्श नाही, वास नाही, चेहरा नाही. तारेतून आलेला नुसता आवाज, आणि शरीरानं त्याला मिठीइतकंच मानलं.

दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गट घेतला. या मुलींना आईनं तेच धीराचे शब्द टाइप करून पाठवले. काय झालं असेल? काहीच नाही. ऑक्सिटोसिन हललं नाही, कॉर्टिसॉल उतरलं नाही. एकट्या बसलेल्या मुलींची जी गत, तीच यांची. शब्द आईचे होते, फक्त आवाज नव्हता.

गोंदियाच्या मुलाला यातून पहिली गोष्ट मिळाली : व्हॉइस मेसेज पाठव. आवाज अडखळला तर अडखळू दे. 'मी आहे रे' हे तीन शब्द बोलायला दोन सेकंद लागतात, आणि ते दोन सेकंद तो मुलगा पहाटे चारला उशाशी फोन ठेवून परत परत ऐकू शकतो. फोन आला तर उचलायचं बळ त्याला असेल-नसेल; व्हॉइस मेसेज त्याच्या सवडीनं वाट बघतो. तार गेली, पोस्टकार्ड मागं पडलं, पण हे असं आवाज पाठवून ठेवायचं साधन आपल्या आजोबांना मिळालं असतं, तर सराफ बाजारातल्या त्या भट्ट्यांपुढची किती रात्री सुसह्य झाल्या असत्या!

मग टाइप केलेले शब्द फुकटच का? इतक्यात निकाल देऊ नका. गोष्ट आता माँट्रियलला जाते, आणि मला विचाराल तर या साऱ्यातला सगळ्यात अचाट प्रयोग हाच आहे. तिथं ९८ रुग्णांवर लहान शस्त्रक्रिया व्हायच्या होत्या. भूल शरीराच्या एका भागापुरती, रुग्ण जागे. त्यांचे चार गट केले. पहिल्याच्या हातात काही नाही. दुसऱ्यानं मोबाईलवर अँग्री बर्ड्स खेळायचं. तिसऱ्यानं आपल्या जवळच्या माणसाशी मेसेजवर बोलायचं. चौथ्यानं पूर्णपणे अनोळखी माणसाशी. ऑपरेशन चालू असताना जादा वेदनाशामक कुणाला द्यावं लागतं ते मोजलं. अनोळखी माणसाशी मेसेजवर गप्पा मारणाऱ्यांच्या तुलनेत, हातात काहीच नसलेल्यांना ते लागण्याची शक्यता सहापटीहून जास्त निघाली. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कापाकापी चालू आहे आणि ज्याला आपण ओळखतही नाही अशा माणसाशी केलेलं टिकटिक टाइपिंग औषधाची गरज कमी करतंय!

का बरं? संशोधकांनी ते मेसेज तपासले. जवळच्या माणसांशी झालेलं बोलणं शरीराभोवती आणि ऑपरेशनभोवती घोटाळत होतं. अनोळखी माणसाशी झालेल्या गप्पांत रुग्ण स्वतःबद्दल, आवडीनिवडींबद्दल बोलत होते, त्यात आनंदाचे शब्द जास्त होते. त्या अनोळखी माणसासाठी ते पेशंट नव्हतेच. पूर्ण माणूस होते.

ऑनलाइन मित्राच्या हाती नेमकं काय असतं ते इथं उमगतं. आटपाडीत त्या मुलाकडे जो तो 'बिचारा, आईविना झाला' याच नजरेनं बघतोय. त्याच्या मामाला बहीण गेल्याचं दुःख आहे, वडिलांना बायको गेल्याचं. त्यांच्यासमोर रडलं तर तेही कोसळतील म्हणून तो रडत नाही. गोंदियाचा मित्र त्या दुःखाच्या घराबाहेर उभा आहे, म्हणूनच त्याच्यावर टेकता येतं. आणि त्याच्या लेखी हा मुलगा अजूनही इतिहासाच्या सनावळ्या तोंडपाठ असलेला, भूगोलात मात्र हमखास गडबडणारा तोच पठ्ठ्या आहे. रात्री दीडचा मेसेज गोंदियाला का गेला, कळलं?

'पण ऑनलाइन मैत्री ती कसली मैत्री' असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी मॅट्स स्टीनची गोष्ट सांगतो. नॉर्वेचा हा मुलगा स्नायू झिजत नेणाऱ्या आजारानं चाकाच्या खुर्चीला खिळलेला. आयुष्यातले हजारो तास त्यानं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळात घालवले. २०१४ च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी तो गेला. आई-वडिलांना वाटत होतं, पोरगा एकाकी जगला, ना मित्र ना प्रेम. वडिलांनी त्याच्या ऑनलाइन ओळखीच्यांसाठी निधनाची बातमी टाकली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. मग पत्रं येऊ लागली. एक, दोन, आणि मग येतच राहिली, देशोदेशींहून. मॅट्सनं कुणाला नैराश्यातून ओढून काढलं होतं, कुणाचं आपल्या मुलाशी तुटलेलं बोलणं जुळवून दिलं होतं. अंत्यविधीला परदेशांतून माणसं आली, ज्यांनी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आपला मुलगा कोण होता हे आई-वडिलांना तेव्हा कळलं, आणि सांगितलं ते त्याच्या न पाहिलेल्या मित्रांनी.

आता पत्रांची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक असताना जुजबी ओळखीची एक मुलगी त्यांना पत्रं लिहायची. कसलीही अपेक्षा न ठेवता, इकडचं-तिकडचं. त्या पत्रांनी आपल्याला तगवलं हे त्यांच्या मनात राहिलं. १९६९ पासून त्यांनी एक प्रयोग मांडला. नैराश्यानं किंवा आत्महत्येच्या विचारानं रुग्णालयात आलेल्यांपैकी ८४३ जण असे होते ज्यांनी पुढचे उपचार नाकारले. त्यातल्या निम्म्यांना मोटोंच्या चमूनं पत्रं पाठवली. पाच वर्षांत २४. पत्र दोन ओळींचं : तुमची आठवण आहे, बरं चाललं असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. सल्ला नाही, 'औषध घेता का' नाही, भेटीची तारीख नाही. पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे जो काळ सगळ्यात धोक्याचा, पत्रं मिळालेल्यांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळजवळ निम्मं होतं. दोन ओळींच्या, काहीही न मागणाऱ्या पत्रांनी!

'काहीही न मागणाऱ्या' या शब्दांवर माझी सारी भिस्त आहे. आपण चांगल्या मनानं काय लिहितो? 'काही लागलं तर सांग.' यात मागणी लपलीय. ज्याला आंघोळीला उठायचं बळ नाही, त्यानं आपली गरज ओळखायची, ती शब्दांत मांडायची आणि संकोच गिळून मागायची. 'कसा आहेस?' यालाही उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा असं लिहा : 'भावा, पंचायत राजच्या नोट्स काढून ठेवल्यात, पाठवतोय. बघायची घाई नाही. उत्तर नको देऊस.' किंवा : 'नऊला मी अभ्यासाला बसणारे. कॉल चालू ठेवतो, बोलायची गरज नाही.' शेवटच्या या युक्तीत तर ओसरीवर मुकाट बसून जाणारी सारी भावकी आहे. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येतोय, पंखा फिरतोय, मधूनच पेन खाली पडतंय. बस्स.

'धीर धर', 'देवाची मर्जी', 'सुटली बिचारी', 'आता तूच घरचा मोठा' ही वाक्यं मात्र मला सोडून द्यावीशी वाटतात. ती बोलणाऱ्याला हलकं करतात, ऐकणाऱ्यावर आणखी एक धोंडा ठेवतात. त्याऐवजी आईबद्दल विचारा. 'काकूंचं हुलग्याचं माडगं म्हणायचास ना तू, ते कसं करायच्या?' आपल्याला भीती वाटते, नाव काढलं तर त्याला आठवण होईल. त्याला विसर पडलाय असं कोण म्हणालं? गेलेल्या माणसाशी नातं तोडून टाकणं म्हणजे सावरणं, असं पूर्वी तज्ज्ञही मानायचे. १९९० च्या दशकापासून ते मत पालटलं. नातं राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. जिनं गोंदिया पाहिलं नाही ती बाई गोंदियातल्या एका मुलाला माडग्यासकट ठाऊक आहे, हे कळणं काय मोलाचं असतं ते त्या लेकराला विचारा.

'मी कोण लागतो, मी लिहिलेलं त्याला आवडेल का' म्हणून अंगठा अडला असेल तर एक आकडा ऐका. पेगी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ५,९०० हून अधिक लोकांवर १३ प्रयोगांत हेच पाहिलं. आठवण काढणाऱ्या छोट्याशा निरोपाचं मोल पाठवणारा नेहमी कमी धरतो. मिळणाऱ्याला ते त्याहून पुष्कळ जास्त वाटतं, आणि निरोप जितका अनपेक्षित तितकं जास्त.

आता ते रात्रीचं वाक्य. 'जगण्यात अर्थ नाही' हे दुःखात पुष्कळ जण म्हणतात, पण अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा : 'स्वतःला संपवायचा विचार येतोय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' आलं तर इथं दूरचा मित्र एकटा पुरत नाही. फोन चालू ठेवायचा, त्याच्या घरातल्या किंवा गावातल्या कुणाला तरी त्या क्षणी गाठायचं, जीव धोक्यात वाटला तर ११२. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालतो, तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. म्हणूनच दुःखात पडलेल्या मित्राच्या गावातला निदान एक नंबर आपल्याकडे आजच असू द्यावा. आणि महिन्यांमागून महिने गेले, सहा महिने, वर्ष, तरी त्याची मोट खालीच अडकलेली दिसली, रोजचं जगणंच थांबलेलं दिसलं, तर त्याला मदत मिळवून द्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाला स्वतःची वेगळी नोंद आहे.

बाकी राहते ती तारीख. आई गेली तो दिवस मोबाईलच्या कॅलेंडरात टाका, पण एवढ्यानं भागणार नाही, कारण आपल्याकडे वर्षाचा दिवस दोनदा येतो. घरचं वर्षश्राद्ध तिथीनं होतं. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ते इंग्रजी तारखेच्या अकरा-एक दिवस आधी पडतं. मध्ये अधिक महिना आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस नंतर. तिथीला घर भरलेलं असेल, आचारी, पाहुणे, धावपळ. तारखेच्या दिवशी कुणी नसेल आणि फोन मात्र गेल्या वर्षीचे फोटो आपणहून समोर आणून ठेवेल. दोन्ही दिवस लिहून ठेवा. तिथीच्या दिवशी दोन ओळी पुरतील. तारखेच्या दिवशी आवाज पाठवा.